हळदीचा कागद

सांगलीला लागूनच, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. जमिनीत खोल खणलेल्या पेवांत हळद साठवणारं गाव म्हणून त्याचं नाव झालं. तिथे मनूचं घर.

मनू पाच वर्षांची. तिची आई शाळेत शिकवायची. लेकीने चित्रं काढावीत असं तिला मनापासून वाटे. रोज संध्याकाळी ती कागद पुढे ठेवी आणि सांगे, "हा सूर्य. याला पिवळा दे. रेघेबाहेर जाऊ नकोस हं." मनू दोन फराटे मारी आणि खडू खाली ठेवी. "तूच रंगव ना," म्हणे. पोरीला रंगांची आवडच नाही, असं आईने ठरवून टाकलं.

आजी हे सगळं बघत होती. एका रविवारी स्वयंपाक उरकल्यावर तिने पडवीत गोणपाट अंथरलं. एका वाटीत चमचाभर हळद पाण्यात कालवली, दुसरीत खायचा सोडा विरघळवला. शेजारी बीटाची सालं, भेंडीचे कापलेले देठ आणि पिळून झालेली लिंबाची फोड ठेवली. ताटात वाढायचं अन्न खेळायला घ्यायचं नाही, हा तिचा नेम. पण निवडून उरलेलं चालत होतं.

"आई, कपड्यांना डाग पडतील हो," सूनबाई म्हणाली.

"पडू देत गं. हळदीचा डाग उन्हात घातला की फिका होतो." मग मनूकडे वळून म्हणाली, "एकच सांगते, डोळ्यांना हात लावायचा नाही. बाकी तुझं तू बघ."

मनूने आधी हळद हुंगली. मग पाची बोटं वाटीत बुडवली आणि अख्खा कागद पिवळाधमक केला. तो वाळेपर्यंत तिने बीटाची सालं चुरगळून तळहात गुलाबी करून घेतले. मग भेंडीचा देठ उचलला, सोड्याच्या पाण्यात बुडवला आणि कागदावर टेकवला. पाण्याला तर रंगच नव्हता, पण कागदावर उमटलं पाच पाकळ्यांचं तांबूस लाल फूल!

"अगं, तो सोडा आहे ना, म्हणून..." आई सांगायला पुढे झाली. आजीने तिचा हात धरला.

मनूने दुसरा ठसा मारला. तिसरा मारला. मग लिंबाची फोड एका फुलावर घासली. फूल पुन्हा पिवळं झालं.

"आजी, लाल कुठे गेला?"

"तुला काय वाटतं?"

"लिंबाने खाल्ला!"

मनू उठली ती थेट स्वयंपाकघरात. मिठाचं पाणी करून आणलं. काही झालं नाही. साखरेचं आणलं, तरी नाही. शेवटी हात धुवायला मोरीवर गेली आणि तिथूनच ओरडली, "आई, साबणाने माझी बोटं लाल झाली!" धावत येऊन तिने आईचा पदर धरला. "असं का होतं? सांग ना!"

आता आईने सांगितलं. हळदीत कर्क्युमिन नावाचा रंग असतो. सोडा, साबण, चुना हे एका जातीचे. ते लागले की तो लाल होतो. लिंबाचा आंबटपणा लागला की परत पिवळा. आजीने भर घातली, "म्हणून तर हळदीवर खार घालून कुंकू करतात. सोलापूरकडचं केम गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे." मनू डोळे मोठे करून ऐकत होती आणि मध्येच विचारत होती, "मग ताक घातलं तर? चिंच घातली तर?"

रात्री सून म्हणाली, "आई, हेच मी आधी सांगितलं असतं तर तिने ऐकलंही नसतं."

"भूक लागायच्या आधी भरवलेला घास पोर थुंकून टाकतं, बाई," आजी म्हणाली. "आधी तिच्या बोटांना कळू दे. मग ती आपण होऊन विचारील."

दुसऱ्या दिवशी आईने मनूपुढे कोरा कागद ठेवला, चिंचेचा कोळ ठेवला आणि काय काढायचं ते सांगितलं नाही.

तात्पर्य : मुलाला शिकवायचं असेल, तर आधी त्याला हात घालू द्यावा, चुकू द्यावं, नवल वाटू द्यावं. प्रश्न त्याचा असला, तरच आपलं उत्तर त्याचं होतं.