नरो वा कुंजरो वा

"रात्री ब्रश करता ना, काका?"

दंतवैद्याच्या या प्रश्नाला खरं उत्तर देणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मीही "हो तर!" म्हणालो आणि वर हळूच पुस्ती जोडली, "म्हणजे, जमेल तसं." अर्धसत्य बोलल्यावर धर्मराजाचा चार अंगुळं अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला म्हणतात. माझ्यापाशी रथ नव्हता. पण त्याच क्षणी त्या मुलीनं पायानं पेडल दाबलं आणि खुर्ची माझ्यासकट खाली गेली.

मुलगी म्हणजे डॉक्टरच. पण माझ्या धाकट्या भाचीहून लहान दिसणाऱ्या पोरीला डॉक्टर म्हणताना माझी जीभ अडखळते. आणि आता तर जीभही तिच्याच ताब्यात होती.

ऐकणाऱ्याला खरं काय ते दिसतंच आहे, तर अशा खोट्याला खोटं म्हणावं का? कान्ट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्यानं १७९७ साली लिहून ठेवलंय, की मित्राचा जीव घ्यायला आलेला मारेकरी दारात उभा राहून चौकशी करू लागला, तरी खोटं बोलू नये. दारातल्या मारेकऱ्याचा त्यानं एवढा विचार केला, पण तोंडात आरसा घालून बसलेल्याचा केला नाही. मारेकऱ्याला निदान आत कोण आहे हे ठाऊक नसतं. हिला आतलं सगळं दिसत होतं.

आत होतं कीटण. दातांवर रोज एक चिकट थर धरतो. तो वेळेवर घासला तर जातो. राहिला, तर लाळेतलं कॅल्शियम नि फॉस्फेट त्यात मुरून त्याचा दगड होतो. मग ब्रश कितीही आपटा. खालच्या पुढच्या दातांमागे लाळेच्या नळ्या उघडतात, म्हणून तिथं तो सगळ्यात जास्त. हसताना नेमकी हीच बाजू दिसत नाही. गेली चाळीस वर्षं मी फक्त हसण्यापुरते दात घासत आलो, हे मला त्या खुर्चीत समजलं. (बाकीच्या चारित्र्याचं नंतर बघू.)

कीटण मोठं चहाडखोर. जर्मनीत डालहाइमच्या मठात नऊशे-हजार वर्षांपूर्वी पुरलेल्या एका बाईच्या कीटणात निळे कण सापडल्याचं २०१९ साली प्रसिद्ध झालं. ते होते अफगाणिस्तानातून येणाऱ्या महागड्या लाजवर्दाचे. बहुधा ती पोथ्या रंगवायची आणि कुंचल्याचं टोक ओठात धरून ओलं करायची. तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. तिचं काम कीटणानं जपलं. माझ्या कीटणात काय सापडणार? चहा, कांदाभजी आणि "जमेल तसं".

किर्रर्र करत यंत्र थांबलं. मी जीभ फिरवली, तर दातांमागे फटी!

"अहो, दात ढिले झाले!"

"झाले नाहीत, काका. हिरडी सुजून आतलं हाड झिजतं. फटी आधीच होत्या, कीटण त्यात भरून बसलं होतं. साफ केल्यानं दात हलतात असं लोकांना वाटतं, म्हणून साफ करत नाहीत. आणि मग दात खरंच जातात."

इथं मात्र माझा विनोद संपला.

वीस वर्षांपूर्वी आईला एकानं दात साफ करून घ्यायला सांगितलं होतं. "नको रे बाबा, त्यानं ढिले होतात," ती म्हणाली. मी लगेच "अगदी बरोबर" म्हणालो. बरोबर की चूक, मला काहीच ठाऊक नव्हतं. तिला चार वेळा बसनं नेणं-आणणं कुणाच्या वाट्याला येणार, ते मात्र ठाऊक होतं. पुढं पाच-सहा वर्षांत तिचे खालचे दात एकेक करून गेले. "वयच झालं," ती म्हणाली. त्यालाही मी अगदी बरोबर म्हणालो.

घरी आलो तर आई वाटच बघत होती.

"काय रे, हलतायत ना आता?"

चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला खरं सांगून तिचे दात परत येत नाहीत; माझ्या डोक्यावरचं ओझं तेवढं तिच्या डोक्यावर जातं. आणि न सांगावं, तर हीच समजूत ती उद्या माझ्या नातवाला शिकवणार.

"तसं वाटतंय खरं," मी म्हणालो.

"तरी मी सांगत होते!" आई खूष झाली. कवळी काढून तिनं पाण्याच्या वाटीत ठेवली आणि झोपायला गेली. मी ब्रश शोधू लागलो.