तिऱ्हाईत

आपल्या मराठीत परक्या माणसाला तिऱ्हाईत म्हणतात. एक मी, दुसरे तुम्ही आणि तिसरा तो, ज्याचं आपल्याला सोयर नाही की सुतक नाही. विमावाल्यांनी याच गृहस्थाला ‘थर्ड पार्टी’ असं भारदस्त नाव दिलं आहे. स्कूटरच्या पॉलिसीत पहिला पक्ष मी, दुसरा पक्ष कंपनी आणि तिसरा पक्ष म्हणजे उरलेली समस्त मानवजात. मानवजातीशी इतका थेट संबंध एरवी फक्त साधुसंतांना जोडता आला. आपल्याला तो पावतीसकट मिळतो.

आता या तिऱ्हाईताचं आपण काही लागतो का, हा खरा प्रश्न. कुलूपवाल्यांचं उत्तर स्पष्ट आहे : तो चोर आहे. सिडकोतले आमचे एक शेजारी आपल्या स्कूटरचं हँडल लॉक करतात, मग पुढच्या चाकाला साखळी घालतात, साखळीला कुलूप, वर ताडपत्रीचं कव्हर, आणि शेवटी फाटकाला कुलूप. सकाळी हा सगळा व्याप उलट्या क्रमानं उलगडेपर्यंत आम्ही पायी जाऊन परत आलेले असतो. शिवाय दर शनिवारी हँडलला ताजी लिंबू-मिरची. दहा रुपयांप्रमाणे बावन्न शनिवारांचे झाले ५२० रुपये. (आम्ही बँकेतली माणसं. बेरीज दिसली की राहवत नाही.) हे पैसे ते हसतमुखानं देतात. पण थर्ड पार्टीचे ७१४ रुपये भरायची वेळ आली, की चेहरा असा होतो, जणू ते लिंबू त्यांनीच खाल्लं आहे. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीसाठी सरकारनं २०२२ साली ठरवलेला हा दर.

‘‘स्कूटर चोरीला गेली तर यातून काही मिळतं?’’ त्यांनी मला विचारलं.

‘‘नाही. त्याची पॉलिसी वेगळी.’’

‘‘आपटली तर?’’

‘‘तुमच्या स्कूटरसाठी छदामही नाही.’’

‘‘म्हणजे पैसे माझे आणि सोय लोकांची!’’

मला वाटतं, विम्याची इतकी अचूक व्याख्या कुठल्याही माहितीपत्रकात नसेल. कुलूप लोकांपासून आपलं रक्षण करतं आणि हा विमा आपल्यापासून लोकांचं. आपण स्वतः कुणाला धोकादायक असू शकतो, हे मान्य करायला माणूस सहसा तयार नसतो, म्हणून कायद्याला सक्ती करावी लागली. आपल्याकडे ही सक्ती १९४६ च्या जुलैपासूनची, म्हणजे इंग्रज जाण्यापूर्वी जेमतेम वर्षभर आधीची. आमचं शहर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. इंग्रजांच्या हिशेबी आम्हीच तिऱ्हाईत!

व्यापारी लोकांचं उत्तर निराळं. त्यांच्या दृष्टीनं तिऱ्हाईत म्हणजे अद्याप न झालेलं गिऱ्हाईक. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि आमचं गाव दोन चाकांवर धावू लागलं. त्या काळी स्कूटरला मागे स्टेपनी असे, आणि लहानसहान दुकानदार तिचं कव्हर फुकट वाटत, अर्थात त्यावर दुकानाचं नाव छापून. पेट्रोल स्कूटरवाल्याचं, जाहिरात दुकानाची. आमच्या वडिलांच्या चेतकवर एका साडीच्या दुकानाचं नाव होतं. दुसरा एखादा विसरून गेला असता. पण वडील अस्वस्थ. ‘‘ज्याचं नाव आपण गावभर फिरवतो, तो कापडात फसवत असेल तर?’’ म्हणून एका रविवारी आईला घेऊन ते चौकशीला गेले. दुकानदार प्रामाणिक निघाला. आई दोन साड्या घेऊन बाहेर आली. एवढी फलदायी जाहिरात त्या दुकानदारानं पुन्हा कधी केली नसेल. वडिलांना मात्र ते नाव फिरवणं म्हणजे कर्जाला जामीन राहण्यासारखंच वाटत होतं, आणि आज काउंटरवर बसून मला ते पटतं.

महाग जाहिरातही या गावानं केली आहे. २०१० च्या ऑक्टोबरात इथल्या उद्योजक-व्यावसायिक मंडळींनी एका दमात दीडशे मर्सिडीज मोटारी घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा. आमचं शहरही काही आहे, हे जगाला कळावं म्हणून! जगाला कळलंही. गावाचं नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं, पण परगावचा पाहुणा वेरूळच्या आधी अजून त्या दीडशे मोटारींचीच चौकशी करतो.

विमा मात्र तिऱ्हाईताला चोर समजत नाही आणि गिऱ्हाईकही समजत नाही. तो त्याच्या घरात डोकावतो. अपघातात माणूस गेला, तर भरपाई कशी मोजायची याचं कोष्टक सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली सरला वर्मा खटल्यात घालून दिलं. वर्षाची कमाई घ्यायची, त्यातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्याला वयाप्रमाणे गुणायचं. पंचविशीपर्यंत १८ नं, एक्केचाळीस ते पंचेचाळीसला १४ नं, पासष्टीनंतर ५ नं. अविवाहिताचा निम्मा पगार स्वतःवर उडतो असं न्यायालयानं धरलं आहे. आमच्या शाखेतल्या ब्रह्मचाऱ्यांना हा आकडा फारच कमी वाटला. विवाहिताच्या मागे दोन-तीन माणसं असली तर एक तृतीयांश, चार ते सहा असली तर एक चतुर्थांश. म्हणजे महिना वीस हजार मिळवणारा बेचाळिशीचा माणूस, मागे बायको आणि दोन मुलं : वर्षाचे २,४०,०००, वजा ८०,०००, गुणिले १४, एकूण २२,४०,०००. २०१७ पासून त्यात भविष्यातल्या वाढीव कमाईची भरही पडते.

माणसाची किंमत अशी पाढे म्हणून काढतात, हे प्रथम वाचलं तेव्हा मला जेवण गेलं नाही. आता तसं वाटत नाही. हे कोष्टक त्या मेलेल्याची जात विचारत नाही, तो भला होता की खडूस, हेही विचारत नाही. घरी किती तोंडं खाणारी आहेत, हे विचारतं. मयताला जाणाऱ्या आपल्यासारख्यांनाही हा प्रश्न दुसऱ्या दिवशी सुचतो.

आणि पॉलिसीच नसेल, तर हे बावीस लाख चाळीस हजार गाडीवाल्यानं स्वतः द्यायचे. कुठून देणार? दंड आहे पहिल्या वेळी दोन हजार. लोक घाबरतात ते दोन हजारांना.

आमच्या रस्त्याच्या वळणावर पंक्चर काढणारे एक चाचा बसतात. त्यांची जाहिरात म्हणजे झाडाला टांगलेला एक जुना टायर. पंक्चरवाले धंद्यासाठी रस्त्यावर खिळे टाकतात, अशी वदंता प्रत्येक गावात असते. खरी असेल तर याहून स्वस्त जाहिरात जगात नाही, फक्त तिचा खर्च तिऱ्हाईतानं करायचा. चाचा उलटं करतात. रोज संध्याकाळी दोरीला लोहचुंबक बांधून दुकानापुढचा रस्ता झाडल्यासारखा पिंजून काढतात आणि सापडलेले खिळे बरणीत टाकतात. मी एकदा म्हटलं, ‘‘चाचा, अशानं धंदा बुडेल.’’

‘‘साब, दुकान के सामने का खिल्ला मेराच है बोलते लोगां,’’ ते म्हणाले.

अशा माणसाच्या मोपेडचा विमा नव्हता. लिंबू-मिरची तेवढी होती. मला त्या शेजाऱ्यांपेक्षा या गोष्टीचंच जास्त वाईट वाटलं. कारण सज्जनपणाला चौदानं गुणता येत नाही. चाचांची मोपेड उद्या कुणाला लागली, तर बरणीभर खिळे त्या माणसाच्या मुलांच्या काय कामाचे? मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. कोष्टकसुद्धा सांगितलं. यातून तुम्हाला काहीच मिळायचं नाही, हेही सांगून टाकलं, लपवाछपवी नको.

चाचांनी ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडा शोधला, त्यावर बोट ठेवलं आणि मान वर न करता विचारलं, ‘‘जिसको लगी उसको मालूम रहता क्या, मैं पैसे भरा बोलके?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘त्याला फक्त कंपनीचं नाव कळतं.’’

ते बराच वेळ ट्यूब घासत राहिले. मग हात पुसून म्हणाले, ‘‘कितने होते?’’