पुढील आदेश होईपर्यंत

डिचोली तालुक्यातील नार्व्याला जाणे झाले, की श्री सप्तकोटीश्वरापुढे हात जोडताना आम्हांस एक गोष्ट हटकून आठवते. हा देव मूळचा येथला नव्हे. सोळाव्या शतकात दिवाडी बेटावरील त्याचे देऊळ पोर्तुगिजांनी पाडले, तेव्हा भाविकांनी लिंग नदीपार आणले. पुढे १६६८ साली शिवाजी महाराजांनी येथील मंदिराचा जीर्णोद्धार केला. बार्देश-तिसवाडीतून परागंदा झालेली कितीतरी कुटुंबे अशीच आश्रयाला आली. पेडणे-डिचोलीतील आपल्यापैकी पुष्कळांची कुळेही कुठून तरी येऊन येथे रुजलेली आहेत.

त्याच गोव्यात २०१९ साली म्हापशातील जुन्या तुरुंगाच्या इमारतीत परकीय नागरिकांसाठी स्थानबद्धता केंद्र सुरू झाले. व्हिसाची मुदत संपलेल्या किंवा कागदपत्रे नसलेल्या परकीयांना मायदेशी पाठवेपर्यंत तेथे ठेवावयाचे. राज्याला आपल्या सीमेत कोण आहे हे जाणण्याचा अधिकार आहे, आणि किनाऱ्यावरील गैरव्यवहार पाहिलेल्या आम्हां गोमंतकीयांना त्याची निकड पटवून द्यावयास नको.

पण प्रश्न निराळाच आहे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. काही समूहांना सवलती मिळाल्या, तरी निर्वासितांसाठी स्वतंत्र सर्वसाधारण कायदा नाही. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा २०२५ साली नव्या कायद्याने घेतली. तरीही मौजेखातर राहून गेलेला प्रवासी आणि जिवाच्या भीतीने पळून आलेला माणूस बहुधा एकाच रकान्यात बसतात. दुसऱ्याला तर परत जाणे हेच संकट असते.

खुनाच्या कैद्यालाही शिक्षेचा हिशेब करता येतो. स्थानबद्धाला शिक्षा झालेलीच नसते, म्हणून त्याच्या सुटकेला तारीख नसते. मायदेशाच्या वकिलातीने ओळख पटवावी, मग प्रवासाची कागदपत्रे व्हावीत. तोवर भिंती त्याच. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसाम सरकारला स्थानबद्धांविषयी विचारले, की परत पाठविण्यासाठी मुहूर्ताची वाट पाहता काय? घटनेच्या २१ व्या अनुच्छेदात जीविताचे संरक्षण ‘व्यक्ती’ला आहे, केवळ नागरिकाला नव्हे, चकमा निर्वासितांच्या खटल्यात १९९६ सालीच न्यायालयाने ते परकीयांनाही लागू केले होते.

सरकारी नोकरीत ‘पुढील आदेश होईपर्यंत’ हा शेरा आम्ही किती धारिकांवर लिहिला, याची मोजदाद नाही. लिहिताना हात अडखळला नाही, कारण समोर कागद होता. त्याच शेऱ्याखाली एखादा माणूस रोज सकाळी उठत असेल, हे तेव्हा मनात आले नाही. निवृत्तीनंतर येते.

चौकशी व्हावी; पण तिला मुदत असावी. मुदत टळली तर फेरविचार करणारा अधिकारी नेमलेला असावा. तोवर दुभाषा, वैद्य, वकील आणि घरी बोलण्याची सोय मिळावी. एवढे मागताना आम्ही औदार्य मागत नाही. नदीपलीकडून आलेल्या देवाला आपण कुलदैवत मानले. नदीपलीकडून आलेल्या माणसाला निदान एक तारीख तरी द्यावी.