लज्जेच्या नावाखाली मौन

एक साधा प्रश्न विचारतो. आपल्या गोंदिया जिल्ह्यात, देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील एखाद्या खेड्यात, जन्मतः बहिरी असलेली मुलगी वयात आली, तर हैज म्हणजे काय, त्या दिवसांत नमाज का माफ असते, गुस्ल केव्हा आणि कसे करावे, हे तिला कोण सांगते? तिच्या ऐकत्या बहिणीला आई कुजबुजून सांगते, मावशी सांगते, मदरशातील आपा किताब उघडून सांगतात. हिच्या हातात मात्र एक कापड दिले जाते, 'बाहेर जाऊ नकोस' अशी खूण केली जाते आणि विषय संपतो. आपल्याला काही भयंकर आजार जडला आहे, की आपल्या हातून अपराध घडला आहे, या विचारात ती मुलगी कित्येक महिने काढते.

घरच्यांना विचारावे तर उत्तर ठरलेले असते: ही लज्जेची बाब आहे.

लज्जा ही ईमानची शाखा आहे, याविषयी कोणाही मुस्लिमाचे दुमत असणार नाही. पण ज्या समाजात ही शिकवण दिली गेली, त्या समाजातील लज्जा मुकी नव्हती. हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर स्त्रीच्या स्वप्नावस्थेविषयी आणि त्यानंतरच्या गुस्लविषयी उघड विचारणा केली. अल्लाह सत्य सांगण्यास संकोचत नाही, असे म्हणूनच त्यांनी प्रश्नाला आरंभ केला आणि प्रेषितांनी त्यांना स्पष्ट उत्तर दिले. धर्मज्ञान मिळविण्याच्या आड लज्जा येऊ दिली नाही, म्हणून हजरत आयेशा (रजि.) यांनी अन्सारी स्त्रियांची प्रशंसा केली आहे. लज्जा शरीर झाकावयास शिकविते. शरीराविषयी अज्ञानात ठेवावयास ती केव्हापासून शिकवू लागली, याचा शोध आपण आपल्याच घरात घेतला पाहिजे.

शरीअतच्या दृष्टीने अंध, बहिरा, पांगळा मनुष्य बुद्धीने सक्षम असेल आणि बालिग झाला असेल, तर तो आपल्याइतकाच उत्तरदायी आहे. सूरह नूर व सूरह फतहमध्ये त्याला सवलती दिल्या आहेत. पण सवलत म्हणजे धर्मातून वगळणे नव्हे. तहारत त्याच्यावरही आवश्यक आहे, नजरेचे व इंद्रियांचे रक्षण त्याच्यावरही बंधनकारक आहे, निकाहचे हक्क आणि कर्तव्ये त्यालाही लागू आहेत. मग ज्याच्यावर आदेश आहे, त्याच्यापासून त्या आदेशाचे ज्ञान रोखून धरण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? सूरह अबसचा आरंभ आठवा. एक अंध मनुष्य, हजरत इब्ने उम्मे मकतूम (रजि.), मार्गदर्शन घेण्यासाठी आले होते आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष होऊ नये म्हणून वह्य अवतरली. ते दान मागावयास आले नव्हते. आपण दिव्यांगांना जकात देतो, रमजानमध्ये रेशन देतो, तीनचाकी सायकल देतो. ज्ञान मागितले की मान वळवितो.

ज्यांची बुद्धीच अपुरी विकसित झाली आहे, त्यांचे काय, असे कोणी विचारेल. आक्षेप रास्त आहे. अशा व्यक्तीवरून लेखणी उचलली गेली आहे, म्हणजे तिच्या कृत्यांची नोंद होत नाही, असे हदीसमध्ये आहे. परंतु लेखणी तिच्यावरून उचलली गेली, तिच्या पालकांवरून नव्हे. येथे आपल्याच राज्यातील एक घटना सांगणे भाग आहे. फेब्रुवारी 1994 मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींच्या गर्भपिशव्या पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आल्या. या मुलींना मासिक पाळीतील स्वच्छता सांभाळता येत नाही, हे कारण देण्यात आले. स्त्री-संघटनांनी आवाज उठविला, तेव्हा उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. सांभाळणाऱ्यांचा थकवा खोटा नव्हता. अशी मुलगी ज्या घरात आहे त्या आईला तो विचारा. पण त्या शस्त्रक्रियेने साधले काय? डाग दिसेनासा झाला. मुलीवर कोणी हात टाकण्याचा धोका तसाच राहिला. उलट अत्याचार लपविणे सोपे झाले, कारण गर्भ राहण्याची भीतीच उरली नाही.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा आता सांगतो की, प्रजनन व कुटुंब नियोजनाविषयीची योग्य माहिती दिव्यांगांना मिळालीच पाहिजे आणि मुक्त व समजून दिलेल्या संमतीवाचून वंध्यत्व आणणारा कोणताही उपचार त्यांच्यावर करता येणार नाही. कायदा उशिरा बोलला. सूरह नूरच्या 58 व्या आयतीने त्याहून कितीतरी आधी घरातच पाठ घालून दिला होता: फजरपूर्वी, दुपारी कपडे उतरविण्याच्या वेळी आणि इशानंतर, या तीन वेळी लहान मुलांनीही परवानगी घेऊनच आत यावे. याहून सोपा आरंभ कोणता? मंदगतीने शिकणाऱ्या मुलालाही हे रोजच्या सरावाने कळते. दार बंद असेल तर थांबायचे. माझे दार बंद असेल तर दुसऱ्यानेही थांबायचे. अंघोळ आई घालील किंवा बहीण, शेजारचा काका नव्हे. शरीराच्या प्रत्येक अवयवाला नाव असते आणि कोणी नको तेथे हात लावला, तर ते नाव घेऊन सांगायचे असते. चित्रे, बाहुली, ठरलेला क्रम, तीच गोष्ट शंभर वेळा. बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी 2012 च्या कायद्यात जबाब घेताना विशेष शिक्षक किंवा सांकेतिक भाषेच्या जाणकाराची मदत घेण्याची तरतूद आहे. पण ज्या मुलाला घडलेल्या गोष्टीसाठी शब्द नाही, खूणही नाही, त्याचा जबाब कोण आणि कसा लिहून घेणार?

निकाहच्या प्रसंगी हा प्रश्न अधिक कठीण होतो. कुमारिकेचे मौन ही तिची संमती मानली गेली, हे आपण सर्व जाणतो. परंतु ज्या मुलीला काय विचारले जात आहे हेच ठाऊक नाही, तिचे मौन हे मौनच आहे, संमती नव्हे. न बोलणाऱ्याची स्पष्ट खूण फुकहांनी निकाहात ग्राह्य धरली आहे. म्हणजे खूण करण्याइतके त्याला समजलेले असावे, हे गृहीतच आहे. दुसरीकडे, 'आमच्यामागे याचे कोण करील?' या काळजीने मतिमंद मुलाचा निकाह गरीब घरच्या मुलीशी, तिला काही न सांगता, लावून दिला जातो. त्या बापाची काळजी मी समजू शकतो. पण त्याला सून हवी नसते, बिनपगारी सेविका हवी असते, हे त्याला कोणीतरी सांगावयास हवे.

आपल्या जिल्ह्यात हाच प्रश्न आणखी एका वाटेने घरात येतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा यांच्याप्रमाणे गोंदियाही सिकलसेलच्या पट्ट्यात आहे आणि 2016 च्या कायद्याने मान्य केलेल्या 21 प्रकारच्या दिव्यांगत्वात सिकलसेलचा समावेश आहे. हा आजार प्रामुख्याने आदिवासी व अनुसूचित जातींच्या बांधवांत आढळतो, म्हणून आपण निश्चिंत असतो. वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो, त्यामुळे तपासणीवाचून ते कळत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणी मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. चुलत-मामे नात्यांत निकाह जायज आहे. पण एकाच आजोबांचे रक्त दोन्हीकडे असेल, तर ही तपासणी अधिकच निकडीची ठरते.

प्रेषितांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आतून ओल लागली, तेव्हा ती वर का ठेवली नाहीस, असे विक्रेत्याला विचारले. धानाचा व्यापार करणाऱ्या आपल्या जिल्ह्यात ही हदीस वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मनुष्य धान्य नव्हे आणि आजार हा दोषही नव्हे. तरीही मंगनीच्या बैठकीत तपासणीचा कागद लपविला जातो, आणि बहुतेक वेळा तो आधी लपविलेला असतो त्या मुलापासून किंवा मुलीपासूनच. सिकलसेलच्या रुग्ण मुलीला निकाह वर्ज्य नाही. गर्भारपण तिच्यासाठी जोखमीचे असते. औषधोपचार, वेळेवर रक्त, डॉक्टरांची सतत देखरेख लागते. जोडीदाराची तपासणी आधी व्हावी लागते. हे सर्व तिला सोळाव्या-सतराव्या वर्षी, तिच्याच भाषेत, तिच्या आईसमोर बसून सांगता येते. त्यानंतर तिने 'हो' म्हटले किंवा 'नाही' म्हटले, तर त्या शब्दाला काही अर्थ असतो.