सगळे आले का?

मराठी कुटुंब सहलीला महाबळेश्वरला जावो की बँकॉकला, एक वाक्य दिवसातून वीसदा कानावर पडतंच: "सगळे आले का?" बस सुटण्याआधी, देवळातून बाहेर पडल्यावर, हॉटेलच्या लिफ्टसमोर कुणीतरी डोकी मोजत उभं असतं. मोजणारं माणूस बहुधा ठरलेलं असतं: आई, आत्या, नाहीतर थोरली सून. परत आल्यावर फोटो बघताना "अगं, हे आपण कधी पाहिलं?" असं विचारणारीही बहुतेक तीच. मोठ्या जहाजावरच्या सफरीची जाहिरात पाण्याच्या घसरगुंड्यांची, नाचगाण्यांची आणि दिवसरात्र चालणाऱ्या खाण्याची होते. कुटुंबाच्या दृष्टीने मला क्रूझची खरी करामत वेगळीच वाटते. तिथे हे मोजणं थांबतं. क्रूझ कुणाला मानवते, कुठे फसते आणि तिची किंमत कोण चुकवतं, हे सगळं या एका गोष्टीचं सूत धरून पाहता येतं.

जमिनीवरच्या सहलीत मोजावं लागतं, कारण तिथे फुटून चालत नाही. गाडी एक, गाव परकं, फोनला रेंज नाही. मग आजोबांचे गुडघे, धाकटीची दुपारची झोप आणि काकांचं पोट यांपैकी त्या दिवशी जे सगळ्यात नाजूक असेल, त्याच्या चालीने घरचे नऊ जण चालतात. किल्ला चढायचा तर आजीला पायथ्याशी कुणाच्या तरी सोबत बसवायचं, आणि ते 'कुणीतरी' कोण यावर दबक्या आवाजात चर्चा. कुणी वाईट नसतं, तरी तिसऱ्या दिवशी सगळे सगळ्यांवर चिडलेले असतात.

जहाजावर मुक्काम तोच राहतो आणि गावं बदलतात. सिंगापूरहून निघणारं 'गेंटिंग ड्रीम' घ्या. भारतातून पुष्कळ कुटुंबं या जहाजाने जातात. जर्मनीत पापेनबुर्गला २०१६ साली बांधलेलं हे जहाज ३३५ मीटर लांब आहे आणि खाटांच्या हिशेबाने साधारण ३,३५० प्रवासी घेतं. संध्याकाळी बॅगा एकदा उघडल्या की दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेर पेनांग, परवा फुकेत, पण आजीची गोळ्यांची डबी त्याच ड्रॉवरमध्ये. ज्याला उतरायचं तो उतरतो. ज्याला नाही उतरायचं, त्याला सांभाळायला कुणाला मागे ठेवावं लागत नाही. आजोबा वरच्या डेकवर सावलीत वर्तमानपत्र घेऊन बसलेत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते तिथे नसले तर बुफेत असतील, बुफेत नसले तर केबिनमध्ये. त्यापलीकडे जाण्याजोगं काही नाहीच. चहूबाजूंनी पाणी.

लग्नाच्या कार्यालयात हेच होतं. एरवी डोळ्याआड होऊ न देणारी आई तिथे पोराला दोन-दोन तास शोधत नाही. दार एकच, जेवण एकाच ठिकाणी, आणि आतली माणसं या ना त्या नात्याने आपलीच. फरक एवढाच, की जहाजावर आतली माणसं आपली नसतात, हजारो अनोळखी असतात. मग तो भरवसा येतो कुठून?

तो एका कार्डातून येतो. चढताना प्रत्येकाच्या हाती क्रेडिट कार्डाएवढा एक तुकडा देतात. काही जहाजांवर मनगटावरचा पट्टा असतो. खोलीची किल्ली तीच, खरेदीचं पाकीटही तेच. पण त्याचं मुख्य काम बंदरावर कळतं. उतरताना शिडीच्या तोंडाशी उभा असलेला सुरक्षारक्षक कार्ड यंत्रावर टेकवतो, 'टिंग' वाजतं आणि समोरच्या पडद्यावर चढताना काढलेला तुमचा फोटो उमटतो. प्रवासाने चुरगळलेला चेहरा, विस्कटलेले केस. रक्षक एकदा पडद्याकडे, एकदा तुमच्याकडे बघतो आणि मान हलवतो. परत आलात की पुन्हा 'टिंग'. या क्षणी जहाजावर कोण आहे, कोण नाही, हे तिथे कायम नोंदलेलं असतं. तुमच्या आईचं काम त्या यंत्राने घेतलेलं असतं, फक्त ते ओरडत नाही.

हे यंत्र सोयीपोटी आलेलं नाही. प्रवासी जहाज सुटण्याआधी त्यावरचा प्रत्येक माणूस मोजला गेला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षेचा नियमच आहे. न मोजण्याची किंमत आपल्या किनाऱ्याला शिकवावी लागत नाही. १७ जुलै १९४७ च्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर एकूण किती जण होते याचे आकडे आजही वेगवेगळे सांगितले जातात. कोकणच्या आगबोटींच्या जमान्यात बोटीचा प्रवास हाच कुटुंबाला घट्ट धरून ठेवण्याचा प्रवास होता. कित्येक बंदरांत धक्का नव्हता. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून न्यायच्या. हलत्या पडावातून हलत्या बोटीवर पोर चढवताना कुणाचा हात कुणाच्या हातात आहे हे बघावं लागे. ज्यांनी तो प्रवास केला, त्यांना 'बोटीवर पोरांना मोकळं सोडा' हे वाक्य वेडेपणाचं वाटेल. त्यांची नातवंडं आज मुंबईहून 'एम्प्रेस'ने गोव्याला किंवा लक्षद्वीपला जातात. फ्रान्समध्ये बांधलेलं हे १९९० चं जहाज मायामीकडच्या पाण्यात उमेदवारी करून आपल्याकडे आलं आणि सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून सफरी करू लागलं. पाणी तेच, किनारा तोच. काळजी मात्र उलटी झाली.

मुलांच्या बाबतीत ही उलटापालट सगळ्यात जास्त जाणवते. मोठ्या जहाजांवर वयाप्रमाणे मुलांच्या खेळाच्या खोल्या असतात. बहुतेक ठिकाणी तीन वर्षांपासून पुढे घेतात, तेही लंगोट सुटलेला असेल तरच. लहानांना सोडताना-नेताना पालकांनी सही करायची. जरा मोठ्यांना, पालकांनी लिहून दिलं असेल तर, आपलं आपण सही करून बाहेर पडता येतं. दहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातली ही कदाचित पहिली सही असते. 'आयकॉन ऑफ द सीज' जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालं. त्याची लांबी ३६५ मीटर, डेक वीस, आणि पूर्ण भरलं तर प्रवासी साडेसात हजारांवर, शिवाय सुमारे २,३५० कर्मचारी. तिथे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या घरांसाठी एक आख्खा विभागच वेगळा काढलाय: खेळ, पाणी, खाणं आणि आईबापांच्या खुर्च्या एकाच ठिकाणी. म्हणजे इतक्या मोठ्या जहाजालाही आत आणखी लहान कुंपणं घालावी लागतात. कुंपण फार मोठं झालं की ते कुंपण वाटेनासं होतं.

आणि कुंपण पाण्याचं आहे, हे विसरून चालत नाही. अमेरिकेच्या २०१० च्या कायद्याने कठड्याची उंची निदान ४२ इंच ठरवून दिली आहे. सव्वातीन फुटांच्या पोराला ती पुरते. ते पोर बाल्कनीतल्या खुर्चीवर चढलं की पुरत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर बाल्कनीची केबिन आईबापांनी घ्यावी आणि खुर्च्या आत ओढून ठेवाव्यात. तरणतलावावर प्रत्येक जहाजात जीवरक्षक असेलच असंही नाही. ते निघण्याआधी विचारून घ्यावं. काही मोजणं यंत्राकडे देता येत नाही.

जहाज स्वतः सगळ्यांना एकदाच उभं करून मोजतं, तेही सुट्टीच्या पहिल्याच दुपारी, सगळ्यांना बुफे खुणावत असताना. संकटात कुठे जमायचं याची ती तालीम. आपली मंडळी ती टाळायला बघतात. "अहो, आपण काय बुडणार आहोत का?" १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्ता काँकॉर्दिया' खडकाला घासलं आणि आडवं झालं. जहाजावर चार हजारांहून जास्त माणसं होती, ३२ दगावली. त्याच संध्याकाळी चिवितावेक्कियाला चढलेल्या शेकडो प्रवाशांची तालीम अजून व्हायची होती, कारण तेव्हाच्या नियमाने चोवीस तासांत केली तरी चालत असे. त्यानंतर नियम बदलला: तालीम सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी. तालमीचं ठिकाण कार्डावर छापलेलं असतं. घरातली माणसं वेगवेगळ्या केबिनमध्ये असतील, तर ते ठिकाणही वेगवेगळं असू शकतं. पहिल्या दिवशी तेवढं एकमेकांचं वाचून ठेवावं.

मोजणं पुन्हा घरच्यांकडे येतं ते बंदरावर उतरल्यावर. शिडी उतरलात की तुम्ही जमिनीवरचं कुटुंब, जुने नियम लागू. त्यात एक घोळ घड्याळाचा. काही मार्गांवर जहाजाचं घड्याळ आणि गावाचं घड्याळ यांत तासाचा फरक असतो, आणि फोन तर गावाचं घड्याळ पकडतो. परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाने असते, सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधी. कंपनीच्याच सहलीला गेलेली बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं. तुम्ही स्वतः रिक्षा करून गेलात तर थांबत नाही. धक्क्यावर पळत सुटलेली माणसं आणि वरून टाळ्या पिटणारे प्रवासी, हा प्रकार मला मुळीच गमतीचा वाटत नाही. पळणाऱ्यांत नेहमी एखादी बाई पर्स सांभाळत मागे वळून बघत असते, आणि ती काय मोजतेय ते उघड आहे.

कुणी बाहेर जाऊ शकत नाही, ही क्रूझची सोय एका रात्रीत तिचं संकट होऊ शकते. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला अडवलेल्या 'डायमंड प्रिन्सेस'वर ३,७११ माणसं होती आणि त्यांतल्या सातशेहून जास्त जणांना करोनाची लागण झाली. एरवीही पोटाचा संसर्ग जहाजावर झपाट्याने पसरतो. बुफेच्या दाराशी "हात धुवा, हात धुवा" म्हणत उभा असलेला माणूस विनोदी वाटतो, पण त्याचं ऐकावं.

आता जेवणाकडे. दिवसभर फुटलेलं कुटुंब एकत्र येतं ते इथेच, आणि माझ्या मते क्रूझचा सगळा जीव या दीड तासात आहे. बऱ्याच जहाजांवर ठरलेल्या वेळेचं, ठरलेलं टेबल मागून घेता येतं, ते घ्यावंच. वाढपी रोज तोच येतो. पहिल्या रात्री तो नावं विचारतो, दुसऱ्या रात्री आजोबांपुढे न मागता गरम पाणी ठेवतो, तिसऱ्या रात्री दहीभात कुणाला आणि तिखट कुणाला हे त्याला सांगावं लागत नाही. जैन किंवा बिनकांद्याचं हवं असेल तर तिकीट काढतानाच कळवलेलं बरं. पण मजा पदार्थांत नाही. जमिनीवरच्या सहलीत रात्रीच्या जेवणाला कुणाकडे सांगण्यासारखं काही उरत नाही, कारण सगळ्यांनी सगळं एकत्रच पाहिलेलं असतं. इथे नात रॉक क्लाइंबिंग करून आलेली असते, काका कॅसिनोत किती घालवले ते लपवत असतात, आणि आजी अनोळखी पंजाबी बाईशी दोन तास बोलून तिच्या सुनेपर्यंतची माहिती घेऊन आलेली असते. प्रत्येकाकडे बातमी असते. आणि जिने आयुष्यभर वाढलं, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून जेवते. उठून "अजून काय हवं?" विचारायची तिची सवय दुसऱ्या रात्रीपर्यंत जात नाही, तिसऱ्या रात्री जाते.

तिचं काम मात्र नाहीसं झालेलं नसतं. ते खालच्या डेकवर गेलेलं असतं. जहाजावरचं स्वयंपाकघर, धुलाई, केबिनची झाडलोट करणाऱ्यांत फिलिपिनो, इंडोनेशियन यांच्याबरोबर आपल्याकडचीही पुष्कळ माणसं असतात. गोव्याच्या तारवटींची, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांची, ही पिढीजात वाट आहे. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर स्वयंपाकी आणि स्टुअर्ड म्हणून गोंयकार एकोणिसाव्या शतकापासून जात आले. बोट मिळेपर्यंत राहायला मुंबईत धोबीतलावच्या बाजूला गावागावांची कुडं, म्हणजे सामायिक बिऱ्हाडं, उभी राहिली. रत्नागिरीकडचे खलाशी डेकवर असत. आजच्या क्रूझवरचा करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचा असतो. नियमाने चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती आणि आठवड्यात ७७ तास. उरलेल्या तासांचं गणित वाचकांनी करावं. आपल्या नऊ जणांना आठवडाभर एकत्र बसता यावं म्हणून ही माणसं आपापल्या नऊ जणांपासून वर्षाचा मोठा भाग दूर असतात. यावर उसासे टाकण्यात अर्थ नाही. त्या पगारावर घरं उभी राहतात, मुलं शिकतात, आणि जाणारा ते जाणूनच जातो.

अर्थ आहे तो शेवटच्या संध्याकाळी स्वागतकक्षापुढे लागणाऱ्या रांगेत उभं न राहण्यात. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर दरडोई दररोज साधारण १६ ते २० डॉलर बक्षिसी बिलात आपोआप चढते. चार माणसं, सात रात्री, अठराच्या हिशेबाने ५०४ डॉलर. आकडा दिसला की आपले लोक "हे काढून टाका" म्हणायला उभे राहतात, आणि बऱ्याच कंपन्या काढूनही देतात. ती रक्कम वाढपी, केबिन आवरणारे आणि ज्यांची तोंडंही आपण पाहत नाही अशांत वाटली जाते. ती तिकिटाचाच भाग धरून घरून निघतानाच बाजूला काढावी. त्यावर केबिनवाल्याला हाती काही द्यावंसं वाटलं तर पाकिटात डॉलर घालावेत. रुपयांचं मनिलात काय करायचं, हा प्रश्न बिचाऱ्याला पडू देऊ नये.