वांगे कोणाचे?

नव्या इमारतीत राहायला गेलो, तेव्हा अम्मीने शेजारच्या काकूंकडे डबा पाठवला. डबा परत करताना काकूंनी कौतुकाने विचारले, "अय्या, तुमच्याकडेही भरली वांगी करतात?"

प्रश्नात वाईट काही नव्हते. पण तो 'ही' मला बरेच दिवस सलत राहिला. शेंगदाण्याचा कूट, खोबरे, तीळ घालून अम्मी वांगी भरते ती तिच्या आजीसारखी. ती परवानगीने करतो आहोत, असे आम्हाला कधी वाटले नव्हते.

भाजी पोखरून तिच्यात सारण भरायचे, ही युक्ती कुणा एकालाच सुचली असेल असे मला वाटत नाही. तुर्कीत 'डोलमा' म्हणजे भरलेले. पानात गुंडाळले की 'सारमा'. अरबीतल्या 'महशी'चा अर्थही भरलेलेच. ग्रीकांनी 'डोलमा' शब्द उचलला, बंगाल्यांनी परवलाला लावला. तुर्कांच्या बिनमांसाच्या डोलम्याचे नाव तर 'यालांजी', म्हणजे खोटारडा! आत खिमा असेल असे वाटायला लावून भात-तेलावर भागवतो म्हणून. उपवासात मांस वर्ज्य असलेल्या ग्रीक आणि आर्मेनियन ख्रिस्ती घरांना हा खोटारडा चांगलाच मानवला.

असा हा पदार्थ भांडणाचा विषय झाला आहे. 2017 साली युनेस्कोच्या वारसायादीत डोलमा करण्याची परंपरा अझरबैजानच्या नावे नोंदली गेली. शेजारचे आर्मेनियन त्याला 'तोल्मा' म्हणतात आणि तो शब्द द्राक्षवेलीच्या आपल्या जुन्या नावावरून आला असे सांगतात. बाकीचे तुर्कीतल्या 'भरणे' या क्रियापदाकडे बोट दाखवतात. लवाश रोटीचेही तेच. 2014 मध्ये ती आर्मेनियाच्या नावे, आणि 2016 मध्ये अझरबैजान, इराण, तुर्कस्तान, कझाकस्तान व किर्गिझस्तान यांच्या संयुक्त नोंदीत! खरे तर अशी नोंद म्हणजे मालकीचा सातबारा नव्हे, पण ती तशीच वाचली जाते.

अशा वेळी 'पदार्थ सगळ्यांचाच असतो' असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मीही पूर्वी म्हणत असे. आता अडखळतो. 1915 मध्ये आर्मेनियनांची घरे, बागा, द्राक्षवेली गेल्या. 2023 च्या सप्टेंबरात काराबाखमधून एक लाखाहून अधिक आर्मेनियन बाहेर पडले. त्याआधी, 1990 च्या दशकात, अझरबैजानी लाखोंनी विस्थापित झाले होते. अंगण गेलेल्या माणसाजवळ आईचा हात आणि तिची चव एवढेच उरते. त्याला 'ही चव तुझी एकट्याची नाही' असे सुनावणे उदारपणाचे दिसते. पण ज्याचे घर शाबूत आहे, त्यालाच ते परवडते.

म्हणून 'हे माझे आहे' या वाक्याचा मला राग येत नाही. ते अभिमानाचे असेल, शोकाचे असेल. खटकते ते त्याला चिकटून येणारे 'म्हणून तुझे नाही'. ही दोन वाक्ये वेगळी आहेत. पहिले खरे ठरले म्हणून दुसरे खरे ठरत नाही. काकूंचा 'ही' दुसऱ्या वाक्याच्या उंबऱ्यावर उभा होता. कदाचित त्यांच्याही नकळत.

हे मी त्यांना बोललो नाही. पंधरा दिवसांनी त्यांच्याकडून भरली कारली आली. अम्मीने चाखून पाहिली, म्हणाली, "गूळ जरा जास्त झालाय," आणि रिकामा डबा कसा परत करायचा म्हणून वांगी निवडायला बसली.