केर गेला की दिवस मोकळा

प्राचीन रोमच्या दिनदर्शिकांत १५ जूनच्या रकान्यात एक तुटक शेरा आढळतो: क्यू. एसटी. डी. एफ. मंत्र असावा असे वाटते, पण उलगडा भलताच आहे. ‘क्वांदो स्टेर्कुस देलातुम, फास’, म्हणजे केर नेऊन टाकला की दिवस मोकळा. ‘स्टेर्कुस’चा रोखठोक अर्थ तर शेण!

हा केर वेस्ताच्या देवळातला. वेस्ता ही चुलीची देवी. फोरम या रोमच्या मध्यवर्ती चौकातल्या तिच्या गोल देवळात मूर्ती नव्हती, सतत जागता ठेवलेला अग्नी होता. ९ जूनला तिचा सण, वेस्टालिया. त्या दिवसांत ‘पेनुस’ हे देवळातले आतले कोठार गृहिणींसाठी उघडत. त्या अनवाणी येत. पाववाले जात्यांना फुले वाहत आणि जाते ओढणाऱ्या गाढवांच्या गळ्यात चक्क पावांच्या माळा घालत.

देवीच्या सेवेतल्या कुमारिका मे महिन्यात दिवसाआड धान्याची कणसे गोळा करत. ती भाजून, कांडून, दळून त्या पिठात मीठ मिसळले की झाला ‘मोला साल्सा’. बळीच्या पशूवर हे पीठ भुरभुरण्याला ‘इम्मोलारे’ म्हणत. पुढे या शब्दाचा अर्थच ‘बळी देणे’ असा झाला. आज इंग्रजी बातम्यांत आत्मदहनाला ‘सेल्फ इमोलेशन’ म्हणतात, पण मूळ शब्दात ना आग आहे, ना मरण. आहे ते पीठ.

मग पावित्र्य नेमके कशात? श्रद्धेत, असे आजचा माणूस चटकन सांगेल. ‘फास’ म्हणजे देवांना मान्य असलेले. पण १५ जूनला ते ठरे झाडूवर. मनात काय आहे, हे कोणी विचारत नसे. याला कोरडे कर्मकांड म्हणणे सोपे आहे, पण ते अर्धेच खरे. दळणे आणि झाडणे ही घरातली सर्वांत दुर्लक्षित कामे. इथे मात्र न्यायालयाचे दार उघडणेही त्यांच्यावर अडलेले असे. केर बाहेर पडेपर्यंत न्यायाधीशाने निवाडा देणे निषिद्ध होते.

लग्नेही थांबत. कवी ओव्हिडने लेकीच्या लग्नाचा मुहूर्त ज्युपिटरच्या पुजाऱ्याच्या पत्नीला विचारला, तेव्हा तिने जूनचा मध्य उलटू दे म्हणून सांगितले. वेस्ताचा केर टायबर नदीतून समुद्राला मिळेपर्यंत ती स्वतः केसांना फणीही लावत नसे.